कर्ज देणाराच आधी पैसे वाटतो तेव्हा

"सर, लाइफटाइम फ्री आहे. फक्त आधार आणि पॅन. महिन्याभरात एकदा वापरलं की पाचशेचं व्हाउचर."

चंद्रपूरच्या ऊर्जानगर वसाहतीबाहेर, पगाराच्या आठवड्यात, छत्री आणि टेबल टाकून बसलेल्या पोराचं हे पाठ वाक्य. टेबलावर टॅब, शेजारी भेट म्हणून द्यायच्या पिशव्यांचा ढीग, मागे २,९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. समोरचे गृहस्थ पाळी संपवून आलेले. त्यांनी टॅबकडे पाहिलंही नाही. पोरालाच विचारलं, "पण बाबू, यात तुमाले का भेटते?"

पोराला फॉर्ममागे कमिशन मिळतं, हे उघड आहे. खरा प्रश्न बँकेचा. आपल्याकडे कर्जाची रीत उलटी असते. सावकार शंभर देताना पाच आधीच कापतो आणि पंच्याण्णव हातावर ठेवतो. इथे कर्ज देणारा कर्जाच्या आधी स्वतःच्या खिशातून पाचशे काढून देतो, तेही अनोळखी माणसाला, जो ते कार्ड पुन्हा कधी वापरेलच असंही नाही. या पाचशेचा माग काढायला बसलं की टेबलावरच्या त्या टॅबमधून वाट थेट न्यू जर्सीपर्यंत जाते आणि तिथून वळून आपल्याच झाडीपट्टीतल्या सेवा सहकारी सोसायटीच्या दारात येते.

सुरुवात फॉर्मपासून करू. नाव, जन्मतारीख, पॅन झालं की रकाना येतो पिनकोडचा. सहा आकड्यांची ही रचना १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात लागू झाली आणि ती बसवणारे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, तिसऱ्यापर्यंत पोचलं की टपाल छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन प्रत्यक्ष पोस्ट ऑफिसचे. चंद्रपूर ४४२४०१, गडचिरोली ४४२६०५. पत्र चुकू नये म्हणून केलेली ही व्यवस्था आज भलत्याच कामाला लागली आहे. कार्ड देणाऱ्या बँका आपापल्या पिनकोडांच्या याद्या बाळगतात. यादीत पत्ता नसेल तर अर्ज पुढे सरकतच नाही. ऊर्जानगर, बल्लारपूर, घुग्घुस, भद्रावती हा पट्टा वीज, कागद, कोळसा, सिमेंट आणि आयुध निर्माणीच्या पगारांवर उभा आहे. दरमहा ठरलेल्या तारखेला खात्यात पगार पडतो, म्हणून छत्री तिथे लागते. भामरागडच्या बाजारात ती लागत नाही.

पिनकोडची चाळणी पार केली की दुसरी चाळणी, सिबिलची. ही संस्था २००० साली सुरू झाली. आज देशात अशा चार कंपन्या आहेत आणि त्यांच्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. ३०० ते ९०० यांमधला एक आकडा तुमची पत सांगतो. पण ज्याने आयुष्यात बँकेकडून कधीच कर्ज घेतलेलं नाही, त्याचा आकडा काय? त्याच्या नावापुढे उणे एक लागतो. एटापल्लीचा एखादा तरुण मोहफूल वेचून, तेंदू तोडून, धान लावून कुणाचा एक रुपया न बुडवता जगला असेल, तरी यंत्राच्या लेखी त्याचा इतिहासच नाही. त्याच्या आईने मायक्रोफायनान्सचं आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घेऊन फेडलेलं असेल, तर तिचा मात्र आहे. ते हप्तेही या कंपन्यांकडे नोंदवले जातात. म्हणजे घरात ज्या व्यक्तीवर कर्जाचं ओझं होतं तीच यंत्राला दिसते. या विचित्र गणिताची मला दर वेळी नव्याने गंमत वाटते आणि थोडा रागही येतो.

अर्ज केला की बँक हा आकडा विचारते आणि त्या विचारणेची नोंद तुमच्या अहवालात उमटते. एका विचारणेने आकडा किंचितच हलतो. महिन्याभरात पाच बँकांत अर्ज टाकले, तर पाच नोंदी एकाखाली एक दिसतात आणि सहावी बँक समजते की या माणसाला पैशाची निकड लागली आहे. बोनस गोळा करत फिरणाऱ्यांच्या वाटेतला हा पहिला काटा.

समजा, अर्ज मंजूर झाला आणि पाकिटातून कार्ड आलं. त्यावरचे सोळा आकडे नुसते अनुक्रमांक नाहीत. पहिला आकडा ४ असेल तर व्हिसा, ५ किंवा २ असेल तर मास्टरकार्ड. रुपेची बरीच कार्डं ६ ने सुरू होतात. सुरुवातीचे सहा ते आठ आकडे कार्ड कोणत्या बँकेचं आणि कोणत्या प्रकारचं आहे ते सांगतात. मधले तुमचे. आणि सगळ्यात शेवटचा आकडा राखणदार. आयबीएममधल्या हान्स पीटर लून या जर्मन वंशाच्या इंजिनिअरने १९५४ साली पेटंटसाठी अर्ज केलेली ही युक्ती आहे; पेटंट मिळालं १९६० मध्ये.

ती घरी कागदावर करून बघा. गडचिरोलीचा पिनकोडच घेऊ, ४४२६०५. उजवीकडून सुरुवात करायची. पहिला आकडा दुप्पट, दुसरा आहे तसा, तिसरा दुप्पट, असं करत डावीकडे जायचं. दुपटीचं उत्तर दोन अंकी आलं तर त्याचे दोन्ही अंक मिळवायचे. ५ चे झाले १०, म्हणजे १. मग ०. मग ६ चे १२, म्हणजे ३. मग २. मग ४ चे ८. शेवटी ४. बेरीज १८. दहाच्या पुढच्या पटीला पोचायला २ कमी पडतात. तो २ मागे चिकटवा: ४४२६०५२. आता कुणी घाईत ०५ च्या जागी ५० टाइप केलं, तर तीच बेरीज २२ येते, शेपटीला ८ हवा होता, आणि २ पाहून यंत्र लगेच सांगतं की नंबर चुकला. एक आकडा चुकला तर ही युक्ती हमखास पकडते. शेजारचे दोन आकडे उलटले तरी पकडते. फक्त ०९ चे ९० झाले तर फसते. इंटरनेटच्या कितीतरी आधी शोधलेली ही पोरखेळासारखी बेरीज आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक कार्डाच्या मागे बसलेली आहे.

आता पैशाकडे येऊ. चंद्रपूरच्या गोलबाजारात हजाराची साडी घेतली आणि कार्ड मशीनला लावलं. मशीन दुकानदाराच्या बँकेला विचारतं, ती बँक व्हिसा-मास्टरकार्डसारख्या नेटवर्कला, नेटवर्क तुमच्या बँकेला. तुमची बँक मर्यादा तपासून हो म्हणते आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. दुकानदार बिलाचा कागद फाडतो तोवर हे सगळं उरकलेलं असतं. पण दुकानदाराच्या खात्यात हजार जमा होत नाहीत. क्रेडिट कार्डावर साधारण दीड ते तीन टक्के कापले जातात. दोन टक्के धरू, म्हणजे वीस रुपये. या विसातला सर्वांत मोठा वाटा जातो तुमचं कार्ड काढणाऱ्या बँकेला. उरलेल्यात नेटवर्क आणि दुकानदाराची बँक. तुमच्या 'फुकट' पाचशेचा पहिला झरा हा. तो साडीवाल्याच्या गल्ल्यातून वाहतो.

कुठल्या दुकानात खर्च केला हेही बँकेला कळतं, कारण प्रत्येक मशीनला धंद्याचा चार आकडी कोड असतो. किराण्याचा ५४११, पेट्रोल पंपाचा ५५४१, हॉटेलचा ५८१२. दारूच्या दुकानाचा ५९२१. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तेव्हा हा कोड सांगणारं मशीन त्या जिल्ह्यात रीतसर तरी नसावं. पेट्रोलवर पॉइंट का मिळत नाहीत आणि हॉटेलात दुप्पट का मिळतात, याचं उत्तर या चार आकड्यांत दडलेलं असतं. जिथे बँकेला कमाई कमी, तिथे ती उदार नसते. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं, पण छोट्या दुकानदाराकडे दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर काहीच कापलं जात नाही. टपरीवर चहाचे दहा रुपये क्रेडिट कार्डाने दिले तर तुमच्या बँकेच्या हाती काही लागत नाही. अशा व्यवहारावर पॉइंट द्यायला कित्येक बँका खळखळ करतात ती उगाच नाही.

तरी हिशेब जुळत नाही. महिन्याला दहा हजार खर्च करणाऱ्या गिऱ्हाइकाकडून बँकेला समजा दीडशे मिळाले. त्यातून पॉइंट द्यायचे, बिलं पाठवायची, फसवणुकीचे फटके सोसायचे, छत्रीतल्या पोराचं कमिशन द्यायचं. पाचशेचं व्हाउचर वसूल व्हायला बराच काळ जाईल. काही कार्डांत तर बोनस म्हणजे तुमचेच पैसे दुसऱ्या वेष्टनात असतात. वार्षिक फी हजार रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, मिळून ११८० तुम्ही भरता आणि हजाराचं व्हाउचर मिळवता, तेही ठराविक दुकानातच चालणारं. पण जिथे फी खरोखर शून्य आहे, तिथे उरलेले पैसे कुणाचे?

ते त्या गिऱ्हाइकाचे, जो पूर्ण बिल भरत नाही. वीस हजारांचं बिल आलं. खाली लहान अक्षरात किमान देय रक्कम एक हजार लिहिलेली. त्याने हजार भरले आणि हुश्श केलं. उरलेल्या १९,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज, त्यावर जीएसटी १२० च्या आसपास. एका महिन्यात ७८५ रुपये. पाचशेचं व्हाउचर पहिल्याच फटक्यात परत, वर २८५. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासून व्याज. वर्षाचा हिशेब चाळीस टक्क्यांपलीकडे जातो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला तीस टक्क्यांच्या वर व्याज घेऊ नये असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे आज वरची मर्यादा नाही.

छत्रीखालच्या टेबलावर बँक जे पाचशे ठेवते, ती एक पैज असते. दहा जणांना व्हाउचर वाटायचं. त्यातल्या काहींनी कार्ड कपाटात टाकलं तरी चालेल, काहींनी वेळेवर बिल भरलं तरी चालेल, एक-दोघे जरी बाकी ठेवणारे निघाले तरी सगळ्यांचे पाचशे वसूल. कोण निघेल हे बँकेला आधी नक्की ठाऊक नसतं, आणि त्या गिऱ्हाइकालाही ठाऊक नसतं. कुणीही फॉर्म भरताना बाकी ठेवायचं ठरवून भरत नाही.

या पैजेची पहिली मोठी फेरी अमेरिकेत झाली. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो या शहरात साठेक हजार लोकांना, कुणीही न मागता, पोस्टाने क्रेडिट कार्डं पाठवून दिली. गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानदार येत नाहीत, दुकान नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, हा पेच एका टपालात सोडवायचा होता. पेच सुटला, पण थकबाकी अंदाजाच्या कितीतरी पट झाली आणि पुढे १९७० मध्ये अमेरिकेने न मागता कार्ड पाठवायला बंदी केली. आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० साली कार्ड आणलं. न मागता कार्ड देण्याची मनाई आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांतही आहे. तसं कार्ड देऊन त्यावर पैसे लावले, तर ते परत करून वर दुप्पट दंड गिऱ्हाइकाला द्यावा लागतो.

बोनसची कमाल पाहायची तर पुन्हा अमेरिकाच. ऑगस्ट २०१६ मध्ये चेस बँकेने एक कार्ड काढलं. वर्षाची फी ४५० डॉलर, तीन महिन्यांत ४,००० डॉलर खर्च केले की एक लाख पॉइंट, प्रवासासाठी वापरले तर १,५०० डॉलर किमतीचे. इतके अर्ज आले की काही दिवसांत बँकेकडची धातूची कार्डं संपली. बँकेचे प्रमुख जेमी डायमन यांनी त्या डिसेंबरात सांगितलं की या कार्डामुळे एका तिमाहीचा नफा वीस ते तीस कोटी डॉलरने घटेल. आणि हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नव्हे, कौतुकाने सांगितलं. पैज किती मोठी होती ते यावरून समजावं.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या गप्पांत कार्डांचं हे गणित आलं की तास जातो. नवरा एक कार्ड काढतो, बोनस घेतो. मग बायकोच्या नावावर तेच. वर्ष भरत आलं की फी लागण्याआधी बंद, पुढचं उघड. डिसेंबरातली मुंबईची तिकिटं पॉइंटांवर निघतात. बँकाही काही कमी नाहीत. गेल्या चोवीस महिन्यांत सगळ्या बँकांची मिळून पाच किंवा जास्त नवी कार्डं काढलेल्याला चेस सहसा नवं कार्ड देत नाही. अमेरिकन एक्स्प्रेस एका कार्डाचा बोनस आयुष्यात एकदाच देतं. या उंदीर-मांजराच्या खेळातला माझा आवडता प्रसंग अमेरिकी टांकसाळीचा. एक डॉलरची नाणी लोकांत रुळावीत म्हणून टांकसाळ ती घरपोच, टपालखर्च न लावता, दर्शनी किमतीला विकत असे. पॉइंटवाल्यांनी कार्डावर हजारोंनी नाणी मागवली, खोकी न फोडता बँकेत भरली, त्याच पैशाने कार्डाचं बिल फेडलं आणि विमानाचे मैल खिशात टाकले. हे ध्यानात आल्यावर जुलै २०११ मध्ये टांकसाळीने कार्डाने पैसे घेणंच बंद केलं.

हुशारी म्हणून हे वाचायला झकास आहे. पण त्या मैलांचे पैसेही कुठून तरी आलेच. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अभ्यासकांनी २०१० मध्ये हिशेब मांडला होता. कार्डाचं कमिशन दुकानदार सगळ्याच मालाच्या किमतीत घालतो, त्यामुळे रोखीने घेणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर जादा मोजतं आणि कार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला १,१३३ डॉलरचा लाभ होतो. कार्ड न वापरणारा गरीब माणूस कार्डवाल्याच्या विमानात भर घालतो.

आता झाडीपट्टीत या. इथे खरोखर हजारो घरांत क्रेडिट कार्ड आहे, फक्त त्याला कुणी छत्रीखाली विकत नाही. किसान क्रेडिट कार्ड, १९९८ पासूनचं. त्यावर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज सात टक्क्यांनी, वेळेवर फेडलं तर केंद्राची तीन टक्क्यांची सूट, आणि उरलेल्यासाठी राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. म्हणजे मुदतीत भरणाऱ्याला व्याज शून्य. या कार्डाची रचना बँकेच्या कार्डाच्या नेमकी उलटी आहे. तिथे वेळ चुकवणाऱ्यावर धंदा चालतो; इथे वेळ पाळणाऱ्याला बक्षीस आहे आणि ते सरकारी तिजोरीतून येतं.

पण माणसाची हुशारी दोन्हीकडे सारखीच. मार्च संपत आला की सिंदेवाही-मूलकडचा शेतकरी सोयऱ्याकडून, नाहीतर सावकाराकडून, चार-आठ दिवसांसाठी रक्कम उचलतो, सोसायटीचं कर्ज पूर्ण भरतो, आणि नवं कर्ज मंजूर झालं की ती उचल परत करतो. याला सगळे 'नवं-जुनं' म्हणतात. शेतकरी, गटसचिव आणि बँकेचा निरीक्षकसुद्धा. धान अजून विकलेला नसेल, चुकारा आलेला नसेल, तरी कागदावर खातं वेळेवर बंद झालेलं असतं आणि शून्य टक्के टिकून राहतात. न्यू जर्सीतल्या मंडळींचा खेळ हाच, इतकंच की तिथे विमानाचं तिकीट मिळवायचं असतं आणि इथे सात टक्के वाचवायचे असतात. त्या चार-आठ दिवसांचं सावकाराचं व्याज कुठल्याच सरकारी आकडेवारीत येत नाही.

केवळ नाव नोंदवल्याचा बोनसही आपल्याकडे येऊन गेला आहे. २०२३-२४ च्या खरीप पणन हंगामासाठी राज्याने धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले. खरेदी केंद्रावर नोंदणी हवी. धान तिथे विकलाच पाहिजे अशी अट नव्हती. आधी बोनस क्विंटलवर होता, तेव्हा व्यापाऱ्यांचा धान शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर केंद्रात येण्याची बोंब असे. हेक्टरवर गेल्याने ती वाट आखडली आणि नोंदणीच्या दिवसांत सातबारा, आधार, पासबुक घेऊन केंद्रासमोर रांगा लागू लागल्या. जी गोष्ट मोजाल तिच्यासाठी लोक रांग लावतात, हे चेस बँकेला जसं ठाऊक आहे तसंच आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रप्रमुखालाही. तेंदूचा हिशेब मात्र जुन्या चालीचा. आधी मे महिन्याच्या उन्हात पान तोडायचं, सत्तर पानांचा पुडा बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, द्यायचा, मजुरी घ्यायची. रॉयल्टीतून मिळणारा बोनस त्यानंतर कधीतरी. तिथे पैज लावणारा मजूरच असतो.

तर ऊर्जानगरच्या गृहस्थांनी कार्ड घ्यावं का? दर महिन्याला पूर्ण बिल भरणार असतील आणि फी खरोखर शून्य असेल, तर घ्यावं की! साडीवाल्याच्या वीस रुपयांतले आणि बाकी ठेवणाऱ्याच्या ७८५ मधले पाचशे त्यांच्याकडे येतील. बिल बचत खात्यातून आपोआप, पूर्ण रकमेचं, वळतं होईल अशी सूचना पहिल्याच दिवशी द्यावी. किमान रकमेची नव्हे. तेवढं करून व्हाउचर घेतलं आणि कार्ड नकोसं झालं, तर बंद करायचा अर्ज टाकावा. बाकी शून्य असेल तर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. नाही केलं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये, गिऱ्हाइकाला. कार्डाच्या सगळ्या व्यवहारात बँकेच्या अंगावर मीटर चालतं अशा जागा फार थोड्या, आणि दर योगायोगाने व्हाउचरचाच आहे.